विश्लेषण : भुतियाचा ‘बेरी’ क्लब बुडाला, मग पुन्हा उभा कसा राहिला? जुने खेळाडू, मैत्रीपूर्ण सामने आणि आठवणींचे मोल किती?

इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांच्या कारभारावर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र नियामक नेमणाऱ्या कायद्याला जुलै २०२५ मध्ये राजमान्यता मिळाली. या कायद्यामागची कारणे सांगताना एका लहानशा क्लबचे नाव हमखास घेतले जाते, ते म्हणजे बेरी. भारतीय फुटबॉलप्रेमींच्या एका पिढीला हे नाव बायच्युंग भुतियामुळे पाठ झाले होते. २०१९ मध्ये हा क्लब साखळीतून हद्दपार झाला. आज तो खालच्या पायरीवर का होईना, पण आपल्या जुन्या मैदानावर खेळतो आहे. जुन्या खेळाडूंच्या आणि सामन्यांच्या आठवणींचा या पुनर्जन्मात किती वाटा होता? आणि भारतात बंद पडलेल्या क्लबांच्या बाबतीत असे का घडत नाही?

बेरी क्लबचा इतिहास काय?

मँचेस्टरच्या उत्तरेला असलेले बेरी हे कापड गिरण्यांचे गाव. तेथील क्लबची स्थापना १८८५ ची आणि गिग लेन हे मैदानही तेव्हापासूनचे. १८९४ मध्ये क्लब फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. १९०० मध्ये साउदॅम्प्टनला ४-० असे हरवून त्याने एफए चषक जिंकला. १९०३ च्या अंतिम सामन्यात डर्बी काउंटीचा ६-० असा धुव्वा उडवला. त्या वर्षी चषकाच्या संपूर्ण मोहिमेत बेरीवर एकही गोल झाला नव्हता. एफए चषकाच्या अंतिम फेरीतील सर्वांत मोठ्या विजयाचा हा विक्रम ११६ वर्षे अबाधित राहिला. मे २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६-० असे हरवून त्याची बरोबरी केली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत बेरीचे नाव साखळीतून पुसले गेले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात काही वर्षे वगळता क्लब वरच्या श्रेणीत टिकला नाही. दुसरी, तिसरी आणि चौथी श्रेणी हेच त्याचे घर झाले. तरीही चारही श्रेणींमध्ये प्रत्येकी हजार गोल नोंदवणारा पहिला क्लब होण्याचा मान २००५ मध्ये बेरीलाच मिळाला. या विक्रमात यशाइतकीच चढउतारांचीही नोंद आहे.

येथून कोणते खेळाडू पुढे गेले?

खालच्या श्रेणीतील क्लबला खेळाडू घडवून विकावेच लागतात, तरच जमाखर्चाची तोंडमिळवणी होते. बेरीने हे काम अनेक दशके केले. साठच्या दशकात कॉलिन बेल येथे घडला आणि १९६६ मध्ये मँचेस्टर सिटीत गेला. पुढे सिटीच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंमध्ये त्याची गणना झाली. लिव्हरपूलसाठी युरोपीय चषक जिंकणारा टेरी मॅकडर्मॉट हाही मूळचा बेरीचाच. गोलरक्षक नेव्हिल साउथॉलला बेरीने १९८० मध्ये विन्सफर्ड युनायटेड या हौशी संघाकडून सहा हजार पौंडांत घेतले आणि वर्षभरातच एव्हर्टनला दीड लाख पौंडांत दिले. आर्सेनलचा बचावपटू ली डिक्सन काही काळ येथे खेळला. इंग्लंडकडून खेळलेल्या डेव्हिड न्यूजंटची सुरुवातही येथलीच.

गॅरी आणि फिल नेव्हिल हे बंधू मँचेस्टर युनायटेडकडून खेळले. मात्र त्यांचे वडील बेरीचे व्यावसायिक संचालक होते आणि आई क्लबची सचिव होती. लहान क्लब चालतो तो अशाच घरांच्या जोरावर.

भुतियाचे दिवस कसे होते?

ईस्ट बंगालच्या भुतियाने ३० सप्टेंबर १९९९ रोजी बेरीशी तीन वर्षांचा करार केला. त्याआधी इंग्लंडमधील मोठ्या क्लबांकडे त्याने चाचण्या दिल्या होत्या, पण करार जुळला नव्हता. युरोपीय क्लबशी करार करणारा पहिला भारतीय फुटबॉलपटू अशी त्याची नोंद आहे. त्याच्याआधी १९३६ मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिककडून दोन सामन्यांत खेळला होता, तोही पायांना पट्ट्या बांधून, बुटांशिवाय.

बेरी तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता आणि नील वॉर्नॉक व्यवस्थापक होते. ३ ऑक्टोबर रोजी कार्डिफ सिटीविरुद्ध भुतिया बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. पहिल्या साखळी गोलसाठी मात्र त्याला एप्रिल २००० मधील चेस्टरफील्डविरुद्धच्या सामन्यापर्यंत थांबावे लागले. वॉर्नॉक त्याआधीच डिसेंबरमध्ये क्लब सोडून गेले होते. पुढे दुखापतींनीही त्याला छळले. साखळीतील ३७ सामने आणि तीन गोल एवढाच त्याचा बेरीतील हिशेब.

आकडे पाहिले तर ही कारकीर्द सामान्य ठरते. पण त्या काळात युरोपीय फुटबॉल भारतात नुकतेच घरोघरी दिसू लागले होते. अशा वेळी आपला एक खेळाडू तेथे प्रत्यक्ष खेळतो आहे, ही गोष्टच मोठी होती. त्यामुळे बेरीसारख्या क्लबचे निकाल येथे आवर्जून पाहिले जाऊ लागले. क्लबच्या आठवणीत खेळाडूची जागा गोलांच्या संख्येवरून ठरत नाही, याचे हे चांगले उदाहरण.

मैत्रीपूर्ण सामन्यांना महत्त्व का?

मैत्रीपूर्ण सामन्याला गुण नसतात आणि तक्त्यात त्याची नोंदही होत नाही. पण लहान क्लबसाठी त्याची तीन कामे असतात. पहिले उत्पन्नाचे. जुलैमध्ये हंगाम सुरू होण्याआधी शेजारचा मोठा क्लब पाहुणा म्हणून आला की एका संध्याकाळच्या तिकिटांचा गल्ला पुढच्या खर्चाला उपयोगी पडतो. दुसरे काम चाचणीचे. करार नसलेल्या खेळाडूला अशाच सामन्यात पारखून घेतले जाते. तिसरे काम कृतज्ञतेचे. दहा-बारा वर्षे एकाच क्लबकडून खेळलेल्या खेळाडूसाठी सन्मान सामना ठेवायचा आणि त्याचे उत्पन्न त्याला द्यायचे, ही तेथील जुनी प्रथा आहे. आजच्यासारखे पगार नव्हते तेव्हा निवृत्त खेळाडूला त्या पैशांचाच आधार असे.

भारतालाही अशा सामन्यांच्या आठवणी आहेत. जुलै २००० मध्ये भारतीय संघ इंग्लंड दौऱ्यावर गेला. फुलहॅमकडून तो हरला, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला त्याने गोलशून्य बरोबरीत रोखले आणि लेस्टरमध्ये बांगलादेशला नमवले. त्याहून जुनी आठवण २४ सप्टेंबर १९७७ ची. पेलेचा कॉसमॉस संघ ईडन गार्डन्सवर आला आणि मोहन बागानने त्याला २-२ असे रोखले. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द भुतियाचा निरोपाचा सामना दिल्लीत बायर्न म्युनिकविरुद्ध झाला. भारत ०-४ असा हरला, पण त्या संध्याकाळी निकालाला फारसे महत्त्व नव्हते.

क्लब बुडाला कसा?

उत्पन्नापेक्षा खर्च जास्त, हे मूळ दुखणे. २००२ मध्येही क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला होता. खालच्या श्रेणीतील सामने दाखवणारी आयटीव्ही डिजिटल ही वाहिनी त्या वर्षी बुडाली आणि अनेक लहान क्लब अडचणीत आले. तेव्हा चाहत्यांनी वर्गणी गोळा करून बेरीला तगवले. भुतियाचा तेथील मुक्कामही त्याच वर्षी संपला.

दुसऱ्या वेळी मात्र वर्गणी पुरली नाही. महागडे खेळाडू घेऊन वर चढण्याच्या प्रयत्नात कर्जाचा डोंगर झाला आणि मैदानही गहाण पडले. डिसेंबर २०१८ मध्ये क्लबची मालकी अवघ्या एका पौंडाला हस्तांतरित झाली. त्या हंगामात खेळाडूंचे पगार थकले असतानाही संघाने तिसऱ्या श्रेणीत बढती मिळवली. पण देणी भागवण्यासाठी पैसा आहे, याचा पुरावा नवा मालक लीगला देऊ शकला नाही. हंगामाचे सुरुवातीचे सामने स्थगित झाले. २७ ऑगस्ट २०१९ रोजी, अखेरच्या मुदतीच्या दिवशी, नवा खरेदीदार येईल या आशेने शेकडो चाहते झाडू आणि बादल्या घेऊन गिग लेन स्वच्छ करायला जमले. खरेदीचा व्यवहार फिसकटला आणि रात्री हद्दपारीचा निर्णय जाहीर झाला. १२५ वर्षांचे सदस्यत्व संपले. शेजारचा बोल्टन वाँडरर्स क्लबही त्याच दिवसांत बुडण्याच्या बेतात होता. त्याला दुसऱ्याच दिवशी खरेदीदार मिळाला आणि तो वाचला.

मग पुन्हा सुरुवात कशी झाली?

चाहत्यांच्या एका गटाने बेरी एएफसी हा नवा क्लब स्थापन केला. तो दहाव्या पायरीवरून, शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर खेळू लागला. दुसऱ्या गटाचे म्हणणे होते की आधी गिग लेन आणि जुने नाव सोडवायला हवे. २०२२ च्या सुरुवातीला सरकारी सामुदायिक निधीतून मिळालेले दहा लाख पौंड आणि देणगीदारांची मदत यांच्या बळावर या गटाने मैदान विकत घेतले.

आता गावात एक क्लब होता ज्याच्याकडे मैदान नव्हते आणि एक मैदान होते ज्यावर क्लब नव्हता. दोन्ही गटांत कटुताही होती. एकत्र येण्याचा पहिला प्रस्ताव मतदानात अपुरा पडला. २०२३ मधील दुसऱ्या मतदानात तो मंजूर झाला आणि २०२३-२४ च्या हंगामात गिग लेनवर पुन्हा साखळी सामने सुरू झाले. २०२४-२५ मध्ये नवव्या पायरीवरील साखळी जिंकून क्लब आठव्या पायरीवर पोचला.

यात आठवणींचा वाटा थेट होता. नव्या क्लबला जुन्या क्लबचे गुण, स्थान किंवा खेळाडू यांपैकी काहीही मिळाले नव्हते. मिळाली ती माणसे. १९०३ चा चषक, बेल, साउथॉल आणि भुतिया हे सगळे आपलेच, असे मानणारी. मात्र नुसत्या आठवणींनी काम झाले नसते. मैदान ताब्यात येईपर्यंत आणि मताचा अधिकार सभासदांच्या हाती येईपर्यंत ही आपुलकी विखुरलेलीच होती.

नव्या कायद्याने काय बदलेल?

वरच्या पाच श्रेणींतील ११६ क्लबांना आता नियामकाचा परवाना घ्यावा लागेल. मालकाकडे पैसा कोठून येतो याची तपासणी होईल. मैदान विकायचे असल्यास मंजुरी लागेल. बोधचिन्ह आणि जर्सीचे मुख्य रंग बदलण्याआधी चाहत्यांचे मत घ्यावे लागेल. म्हणजेच क्लबच्या स्मृतीशी जोडलेल्या गोष्टींना पहिल्यांदाच कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. ज्या क्लबच्या पडझडीने या कायद्याची गरज दाखवली, तो बेरी मात्र आठव्या पायरीवर असल्याने सध्या या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

भारतात, महाराष्ट्रात काय चित्र आहे?

मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. २००९-१० नंतर कंपनीने संघ बंद केला. पंजाबचा जेसीटी हा पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता आणि भुतिया त्या संघात होता. तोही २०११ मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ नंतर दिसेनासा झाला. या संघांना चाहते होते, पण मालकीत त्यांचा वाटा नव्हता. त्यामुळे संचालक मंडळाचा निर्णय झाला की विषय संपत असे. २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून इंडियन सुपर लीगच रखडली, तेव्हाही क्लबांचे आणि खेळाडूंचे भवितव्य असेच टांगणीला लागले.

अपवादही आहेत. गोव्याच्या धेंपो क्लबने २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली, पण स्थानिक स्पर्धांत खेळणे सोडले नाही. २०२४ मध्ये तो आय-लीगमध्ये परतला. कोल्हापूरची परंपरा बेरीच्या अधिक जवळची आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाळ ही नावे पेठांची आणि तालमींची आहेत. तेथे संघ एखाद्या कंपनीच्या निर्णयाने बंद होत नाही, कारण तो पेठेचा असतो. शाहू स्टेडियमवरील गर्दीत आजोबांच्या काळातल्या खेळाडूंची नावे निघतात ती त्यामुळेच. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. मात्र या तालमींना राष्ट्रीय साखळीपर्यंत नेणारी पायरी अजून तयार झालेली नाही.

इंग्लंडमध्ये आपुलकी होती, साखळीची उतरंड होती आणि उशिरा का होईना, कायदाही आला. भारतात आपुलकी आहे, पण बुडालेल्या क्लबला दहाव्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करायची म्हटली तर तशी सलग पायऱ्यांची रचनाच नाही. महिंद्रा किंवा जेसीटीच्या चाहत्यांनी उद्या वर्गणी जमवली, तरी त्यांनी खेळायचे कोठे, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.