देखणं लेबल, आतलं औषध

‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’च्या एकोणिसाव्या शतकातल्या जाहिरात-कार्डांवर गुटगुटीत बाळं आणि प्रसन्न आया दिसतात. दात येताना किरकिरणाऱ्या बाळांसाठीचं हे अमेरिकी औषध. जुन्या कागदांचे संग्राहक ही कार्डं आजही हौसेनं जमवतात. चित्रं आहेतच तशी देखणी. बाटलीत मात्र मॉर्फिन होतं. बाळ शांत झोपायचं. काही बाळं उठलीच नाहीत.

माझ्या मते संग्रहात खरा मान हवा तो १९०६ नंतरच्या लेबलांना, दिसायला ती कितीही साधी असोत. त्या वर्षीच्या अमेरिकी कायद्यानं अफू, मॉर्फिन, कोकेन, अल्कोहोल हे घटक लेबलवर छापणं सक्तीचं केलं. बंदी नव्हे बरं का, फक्त छापायचं! आईला निदान कळू तरी लागलं. तरी सिरप खपतच राहिलं. १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननं ते बाळांचा जीव घेणाऱ्या औषधांत गणलं, तेव्हाही ते बाजारात होतं.

आपल्याकडे चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. तरी घरातली बाळाच्या औषधाची एखादी बाटली उचलून पाहा. घटकांची यादी चष्म्याशिवाय वाचता येते का?