श्रद्धा विषय व्हावी, अट नव्हे

अमेरिकेतील काही ख्रिस्ती विद्यापीठांत उच्च शिक्षणाच्या नेतृत्वावर श्रद्धाधिष्ठित डॉक्टरेट करता येते, हे ऐकून आपल्यातील सुविद्य मंडळी हसतात. हे हसू आम्हांस मान्य नाही. १६३६ साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या मुळाशी सुशिक्षित धर्मोपदेशक घडविण्याची तळमळ होती. संस्था ज्या श्रद्धेतून जन्मली, ती तिच्या भावी धुरीणाने अभ्यासू नये काय? अवश्य अभ्यासावी.

आमचा आक्षेप निराळा आहे. काही ठिकाणी अध्यापकांकडून श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही घेतली जाते. ज्याचे उत्तर आधीच लिहून घेतले, त्या प्रश्नाचे संशोधन कसले? इंग्लंडने १८७१ च्या कायद्याने ऑक्सफर्ड, केंब्रिज व डरहॅम येथील धार्मिक कसोट्या, धर्मशास्त्राच्या पदव्या वगळता, उठविल्या. त्याने त्या विद्यापीठांचे तेज उणावले नाही.

आपल्याकडचाच दाखला घ्या. १९३२ ते १९३८ या काळात, एकाच संयुक्त प्रांतात, बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते धर्मनिष्ठ मदनमोहन मालवीय, आणि लखनौचे कुलगुरू होते आपले रँग्लर र. पु. परांजपे, उघड बुद्धिवादी. श्रद्धेने एकास अपात्र ठरविले नाही, अश्रद्धेने दुसऱ्यास नाही.

म्हणून आपल्या मुलामुलींनी ही पदवी खुशाल मिळवावी. मात्र प्रवेशापूर्वी एवढेच विचारावे : येथे श्रद्धेला प्रश्न विचारता येतो काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ती दीक्षा होय, विद्या नव्हे.