स्प्रिंग बदलावी की सारी जोडीच?

हूकचा नियम तुम्ही प्रयोगशाळेत पडताळून पाहिला असेलच. स्प्रिंगला वजने टांगायची, लांबी मोजायची, आलेख काढायचा. रॉबर्ट हूक याने हा नियम १६७६ साली लॅटिन अक्षरांच्या कोड्यात दडवून प्रसिद्ध केला आणि १६७८ साली कोडे उलगडून दाखवले. वाढ जितकी, तितके बल. नियम इतका सोपा की परीक्षा संपली की आपण तो विसरतो. परंतु जगभरचे हौशी मोटारचालक ज्या एका प्रश्नावर तावातावाने वाद घालतात, त्याचे उत्तर याच नियमात आहे असे मला वाटते.

प्रश्न असा. एखाद्याजवळ स्पोर्ट्‌स मोटार आहे आणि तो ती रोज कामावर न्यायला वापरतो. गाडी वळणावर कमी कलावी आणि दिसायला ऐटबाज व्हावी म्हणून त्याला ती दोन-तीन सेंटिमीटर खाली बसवायची आहे. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे मूळ धक्काशोषक, ज्यांना गॅरेजमध्ये ‘शॉकअप’ म्हणतात, ते तसेच ठेवून केवळ आखूड व थोड्या ताठ स्प्रिंगा घालणे. दुसरा मार्ग म्हणजे ‘कॉइलओव्हर’. यात स्प्रिंग आणि तिच्या आतला धक्काशोषक अशी संपूर्ण जोडीच नवी येते. नळीवर आटे पाडलेले असतात आणि त्यांवरची चकती पान्ह्याने फिरवून उंची कमीजास्त करता येते. पहिला मार्ग स्वस्त, दुसरा बराच महाग. ‘रोजच्या गाडीला स्प्रिंगा पुरेत, कॉइलओव्हर शर्यतीसाठी’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला अर्धवट आहे, असे माझे मत आहे. का, ते हिशेबाने पाहू.

उदाहरण म्हणून जपानची टोयोटा ८६ घेऊ. टोयोटा आणि सुबारू या कंपन्यांनी मिळून बनवलेली ही गाडी २०१२ साली बाजारात आली. तिच्या आडव्या सिलिंडरांच्या इंजिनामुळे तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अवघ्या ४६ सेंटिमीटरवर आहे. दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर सुमारे १५३ सेंटिमीटर. चालकासह वजन १३०० किलोग्रॅम धरू. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणाने ती वळली, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार सरकेल? १३०० × ०.५ × ४६ ÷ १५३, म्हणजे सुमारे १९५ किलोग्रॅम-भार. आता गाडी ३ सेंटिमीटर खाली आणा. ४६ च्या जागी ४३ घाला. उत्तर येते १८३. म्हणजे एवढ्या खटाटोपातून मिळालेला फायदा साडेसहा टक्क्यांचा! फायदा आहे, नाही असे नाही. पण तो डोळ्यांना दिसतो तेवढा मोठा नाही.

शिवाय या गाडीच्या पुढच्या चाकांना मॅक्फर्सन स्ट्रट पद्धतीची रचना आहे. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते. या रचनेत गाडी खाली आणली की ती ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. त्या दोहोंतील अंतर वाढते, म्हणजेच गाडीला कलवणाऱ्या तरफेचा हात लांबतो. अति खाली आणलेली गाडी कमी कलण्याऐवजी जास्त कलू पाहते, ती यामुळेच.

ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची बाजू पाहू. चाक खड्ड्यात वा उंचवट्यावर गेले की ते वर सरकते. त्याला वर सरकायला मिळणारी जागा मर्यादित असते आणि ती संपली की रबरी ठोकळा आडवा येतो. मूळ गाडीत ही जागा ७ सेंटिमीटर आहे असे समजा. आखूड स्प्रिंगेने गाडी ३ सेंटिमीटर खाली बसली, तर धक्काशोषकाचा दांडा उभ्या गाडीतच ३ सेंटिमीटर आत गेलेला असतो. उरली जागा ४ सेंटिमीटर.

स्प्रिंग जी ऊर्जा सामावून घेते ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सातचा वर्ग ४९, चारचा वर्ग १६. नवी स्प्रिंग ३० टक्के अधिक ताठ आहे असे धरले तरी १६ × १.३ म्हणजे सुमारे २१. पूर्वी जो धक्का ४९ एकक सामावून घेत असे, तो आता २१ वरच ठोकळ्याला भिडणार. म्हणजे निम्म्याहूनही कमी! ठोकळा एकदम नव्हे, हळूहळू दबतो हे खरे. पण या हिशेबाचा कल त्याने बदलत नाही. आणि हे वळणावर घडले, तर केवळ कंबरेला हिसका बसून भागत नाही. त्या चाकाचा ताठपणा क्षणात कित्येक पट होतो, त्याची रस्त्यावरील पकड सुटू शकते. ज्या सुरक्षित वळणासाठी हा खर्च केला, तेच वळण धोक्याचे होते.

मग स्प्रिंगच पुरेशी ताठ का करू नये? ४ सेंटिमीटरमध्ये पूर्वीइतकी ऊर्जा सामावायची तर ताठपणा ४९ ÷ १६, म्हणजे तिप्पट हवा. आंदोलनांची वारंवारता ताठपणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. मूळ गाडी सेकंदाला १.४ वेळा झुलत असेल, तर आता ती जवळजवळ २.५ वेळा झुलेल. साधारण कौटुंबिक गाड्या १ ते १.५ वेळा झुलतात. अडीच हा आकडा शर्यतीच्या गाडीला शोभतो, रोज तासभर गाडीत बसणाऱ्या माणसाच्या पाठीला नव्हे.

शिवाय झुलणे थांबवण्याचे काम स्प्रिंग करीत नाही, ते धक्काशोषकातील तेल करते. स्प्रिंग ३० टक्के ताठ केली, तर झुलणे पूर्वीच्याच प्रमाणात आटोक्यात ठेवण्यासाठी अवमंदन सुमारे १४ टक्क्यांनी वाढवावे लागते. मूळ धक्काशोषकाला हे कोण सांगणार? तो जुन्या स्प्रिंगेच्या मापाने बनलेला आहे. त्यातून तो पन्नास-साठ हजार किलोमीटर चालून थकलेला असला, तर विचारायलाच नको.

म्हणून खरा प्रश्न ‘स्प्रिंग की कॉइलओव्हर’ हा नाहीच. धक्काशोषक बदलणार की नाही, आणि चाकाला वर सरकायला जागा किती उरणार, हे खरे प्रश्न आहेत. कॉइलओव्हरांतही दोन जाती आहेत. एका जातीत केवळ स्प्रिंगेची बैठक खाली सरकते. तेथे जागेचे नुकसान आखूड स्प्रिंगेसारखेच होते. दुसऱ्या जातीत खालचा भाग आट्यांवर फिरून संपूर्ण नळीचीच लांबी कमी होते. दांड्याचा प्रवास शाबूत राहतो आणि मर्यादा उरते ती टायर व मडगार्ड यांमधील जागेची. दुकानात दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. फरक विचारणाऱ्यालाच कळतो.

कॉइलओव्हर म्हणजे सर्व दुखण्यांवर उतारा, असेही मी म्हणणार नाही. उंची फिरवता येते म्हटल्यावर ती गरजेपेक्षा खाली फिरवण्याचा मोह होतो. जपानच्या वाहन तपासणीत गाडीचा तळ जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर वर असावा लागतो. या गाडीत तो मुळात सुमारे १३ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे मोहाला वाव फार थोडा. ज्या देशांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तेथे उघडे आटे गंजून चकती जागीच जखडते. मग महागडी सोय नावापुरतीच उरते.

माझे मत स्पष्ट सांगतो. गाडी दीड-दोन सेंटिमीटरच खाली हवी असेल, तर नव्या स्प्रिंगा आणि त्यांच्या मापाचे नवे धक्काशोषक ही जोडी रोजच्या गाडीला सर्वांत उत्तम. त्याहून खाली जायचेच असेल, तर नळीची लांबी बदलणारा कॉइलओव्हर घ्यावा आणि तो मवाळ बाजूला ठेवावा. जुन्या धक्काशोषकांवर केवळ आखूड स्प्रिंगा हा सर्वांत स्वस्त मार्ग. पण खिशात तेवढेच पैसे असतील, तर गाडी आहे तशी ठेवणे हाच शहाणपणा होय.

आपल्याकडे काही तरुण याहूनही स्वस्त मार्ग काढतात. ते मूळ स्प्रिंगेचे वेढेच कापतात. सहा वेढ्यांतला एक कापला, तर ताठपणा २० टक्के वाढतो खरा. पण चाक खाली लोंबकळले की कापलेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. हा धोका कुणीही पत्करू नये. शिवाय उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांत मनाजोगा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम मनाई करते, हेही लक्षात असू द्या.

शेवटी शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. हूकच्या नियमाचा प्रयोग करताना एकदा वजनाच्या ताटलीखाली ७ सेंटिमीटरवर पुस्तकांची चळत ठेवा आणि ताटली हलकेच झुलू द्या. मग आणखी तीन सेंटिमीटर पुस्तके वाढवून तेवढीच झुलवा. ताटली पुस्तकावर आपटली की मुलांना विचारा, आता काय काय बदलता येईल? आलेखाच्या सरळ रेषेला कोठेतरी शेवट असतो, हे त्यांना त्या आवाजातूनच कळेल.