नोंदणी नागरिकत्वाची, जबाबदारी पालकांची

लंडन, लेस्टर वा बर्मिंगहॅम येथील रुग्णालयात जन्मलेले मूल आपोआप ब्रिटिश नागरिक होते, असा समज भारतातून तेथे गेलेल्या अनेक कुटुंबांत आजही आढळतो. हा समज चुकीचा आहे. ब्रिटिश संसदेने १९८१ साली संमत केलेला राष्ट्रीयत्व कायदा १ जानेवारी १९८३ पासून अमलात आला आणि केवळ त्या भूमीवर जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळण्याची जुनी परंपरा संपुष्टात आली. आता जन्मसमयी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक वा तेथील कायम रहिवासी असावे लागतात. नोकरीच्या वा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्या दाम्पत्याचे अपत्य या व्याख्येत बसत नाही.

अशा अपत्यासाठी कायद्याने नोंदणीचा मार्ग ठेवला आहे. आई-वडिलांपैकी एकास पुढे कायम वास्तव्याचा परवाना मिळाला, तर मूल अठरा वर्षांचे होण्यापूर्वी त्याची नोंदणी करून घेता येते. जन्मापासूनची पहिली दहा वर्षे ब्रिटनमध्ये काढलेल्या मुलासही हा हक्क आहे. मात्र त्यांपैकी कोणत्याही वर्षी नव्वद दिवसांहून अधिक काळ ते देशाबाहेर राहिलेले नसावे, ही सर्वसाधारण अट. हक्क आहे खरा, पण तो मागावा लागतो.

न्यायप्रियतेचा टेंभा मिरवणाऱ्या त्या देशाने या हक्काची किंमतही वसूल केली. २०१८ साली एका मुलाच्या नोंदणीचे शुल्क १,०१२ पौंड झाले. अर्ज निकाली काढण्याचा सरकारी खर्च होता ३७२ पौंड! डिसेंबर २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने मुलांच्या हिताचा विचार न करता हे शुल्क ठरवल्याबद्दल गृहखात्याला दोष दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र, असे शुल्क आकारण्याचा अधिकार संसदेनेच दिला असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी, ज्यांना ते परवडत नाही अशांसाठी शुल्कमाफीची तरतूद झाली.

हाती कागद नसला की काय ओढवते, हे २०१८ च्या ‘विंडरश’ प्रकरणाने जगाला दाखवले. १९७३ पूर्वी कॅरिबियन बेटांतून रीतसर आलेल्या, त्यांतही बालपणी आलेल्या अनेकांना वास्तव्याचा पुरावा देता येईना. कित्येकांच्या नोकऱ्या व घरे गेली. काहींना देशाबाहेर काढण्यात आले.

भारतीय कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पारपत्र परत करावे लागते. २००६ पासून मिळणाऱ्या ‘ओसीआय’ कार्डाने भारतात आजीवन ये-जा करता येते. पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. याउलट ज्यांना अपत्य भारतीयच राहावे असे वाटते, त्यांनी जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करणे आवश्यक असते. दोन्हीकडची नोंद राहिली, तर मूल कोणत्याच देशाचे नसल्याची आपत्ती येऊ शकते.

‘मुलाचे पारपत्र भारताचेच असू दे’, ही भावना आदरणीय आहे. परत येण्याचा निश्चय असेल तर तिला अर्थही आहे. परंतु कायमचे तेथेच राहायचे ठरवून, भावनेच्या आडोशाने निर्णय लांबणीवर टाकणे हे देशप्रेम नव्हे, तो आळस होय. आणि त्याची शिक्षा भोगावी लागते ती निरपराध मुलाला. दुसरीकडे, पारपत्र हाती आले की सारे काही साधले, असे मानणारेही फसतात. ज्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याचे कायदे पाळावेत, त्याच्याशी प्रामाणिक राहावे. आणि पूर्वजांची भाषा व संस्कार घरात जपावेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. तेथील गणेशोत्सवात आरतीला उभे राहण्यासाठी कोणाचे पारपत्र पाहिले जात नाही.

पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांनी नातवंडांचे बोबडे बोल दूरध्वनीवर जरूर ऐकावेत. मात्र त्यांच्या आई-वडिलांना एवढे अवश्य विचारावे : बाळाची नोंद कोठे केली, आणि विचार करून केली ना?