तलावाला कुलूप, नदीला मोकळीक

महामारीच्या दोन वर्षांत राज्यशासनाने काढलेल्या आदेशांची मोजदाद करायची झाली तर त्यासाठी एक स्वतंत्र कचेरी थाटावी लागेल. त्या ढिगाऱ्यात जलतरण तलावांविषयीचे चार-सहा आदेश सहज दिसेनासे होतात. माणसे प्राणवायूवाचून तडफडत असताना पोहण्याच्या तलावांची चिकित्सा कसली, असा सवाल पुरोगामी कार्यकर्तेही करतात. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे; निष्कर्ष मात्र बरोबर नाही. मोठ्या संकटात सरकारवर साऱ्यांचे लक्ष असते. शासनयंत्रणेची खरी वृत्ती उघडी पडते ती जेथे कोणाचे लक्ष नसते अशा लहान बाबीत. तलावांच्या बाबतीत ती जशी प्रकट झाली तशी ती पुढच्या संकटातही प्रकट होणार आहे, आणि म्हणूनच हा विषय जुना झालेला नाही.

भंडाऱ्याहून वैनगंगेवरचा पूल ओलांडला की पूर्व तीरावर कारधा लागते. ब्रिटिश अमदानीतील जुना पूल आणि पावसाळ्यात साऱ्या जिल्ह्याचे लक्ष असते ती नदीची पाणीपातळी, यांसाठी हे गाव ओळखले जाते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून बांधलेले मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या आणि ढिवरांचे डोंगे यांवाचून या जिल्ह्याचे चित्र पुरे होत नाही. परंतु शासकीय आदेशात ‘तलाव’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो फरशी बसवलेला, क्लोरिन घातलेला, जीवरक्षक नेमलेला तलाव कारध्यासारख्या गावांच्या वाट्याला आलेलाच नाही. येथील पोराचा जलतरण तलाव म्हणजे वैनगंगेचे पात्र. शहरातील तलाव बंद करणारा आदेश या पोराला लागू होत नव्हता, आणि तलाव उघडणारा आदेशही त्याच्यासाठी नव्हता. साऱ्या प्रकरणातील विषमता येथूनच सुरू होते.

आदेशांची वंशावळ

मार्च २०२० मध्ये तलाव बंद झाले आणि २५ मार्च रोजी टाळेबंदी लागू झाली. त्या वेळी रोगाविषयी कोणालाच पुरेशी माहिती नव्हती, तेव्हा त्या निर्णयाला दोष देण्याचे कारण नाही. पुढचा क्रम मात्र बोलका आहे. मे महिन्याच्या आरंभीच दारूची दुकाने उघडली. ५ ऑक्टोबर २०२० पासून उपाहारगृहे आणि मद्यगृहे निम्म्या क्षमतेने सुरू झाली. दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, व्यायामशाळांची दारे उघडली. तलावांची पाळी आली ५ नोव्हेंबरला, आणि तीही राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंच्या सरावापुरती. २७ जानेवारी २०२१ रोजी केंद्रीय गृहखात्याने तलाव सर्वांसाठी खुले करण्याची मुभा दिली. दोनच दिवसांनी राज्याने आपले निर्बंध २८ फेब्रुवारीपर्यंत वाढवले. एप्रिलमध्ये दुसरी लाट उसळली आणि पुन्हा सर्वत्र कुलूप लागले.

जून २०२१ मध्ये पाच स्तरांची योजना आली. बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या खाटांचा वापर पाहून जिल्ह्याचा स्तर ठरवावा, हे तिचे तत्त्व शास्त्रीय होते आणि स्थानिक परिस्थितीला मान देणारे होते. ३ जूनला एका मंत्र्यांनी ही योजना पत्रकारांपुढे जाहीर केली. त्याच दिवशी, निर्णय अद्याप विचाराधीन आहे, असा खुलासा शासनाला करावा लागला. योजना प्रत्यक्षात आली ७ जूनला, आणि २५ जूनच्या आदेशाने कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली येणार नाही असे ठरले. म्हणजे एखाद्या जिल्ह्याने रोग कितीही आटोक्यात आणला तरी त्याची गणना तिसऱ्याच स्तरात. ६ ऑगस्ट २०२१ रोजी भंडाऱ्यातील शेवटचा रुग्ण घरी गेला आणि राज्यातील पहिला कोरोनामुक्त जिल्हा म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचा गौरव केला. गौरव झाला, पण निर्णयाचा अधिकार मिळाला नाही. ज्या जिल्ह्यात त्या दिवशी एकही उपचाराधीन रुग्ण नव्हता त्या जिल्ह्याने काय उघडावे हे मुंबईतच ठरत राहिले.

८ जानेवारी २०२२ रोजी तिसऱ्या लाटेच्या वेळी तर कडेलोट झाला. व्यायामशाळा, केशकर्तनालये आणि तलाव यांच्यावर निर्बंध आले. चोवीस तासांत आदेश बदलला. व्यायामशाळा आणि सौंदर्यप्रसाधनगृहांना निम्म्या क्षमतेची सवलत मिळाली, तलाव बंदच राहिले. एका रात्रीत विज्ञान बदलले नव्हते. बदल झाला होता तो तक्रारीच्या आवाजात. व्यायामशाळांच्या मालकांच्या संघटना आहेत. सार्वजनिक तलावात पोहणाऱ्यांची संघटना नाही. फेब्रुवारीपासून तलाव निम्म्या क्षमतेने उघडले, मार्चमध्ये भंडाऱ्यासह १४ जिल्ह्यांना मोठी सूट मिळाली आणि २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला निर्बंध संपले.

बंद करणे फुकट, सुरक्षित करणे खर्चिक

या आदेशांत रोगाचे शास्त्र कितपत होते? योग्य प्रमाणात क्लोरिन असलेल्या पाण्यातून हा विषाणू पसरण्याचा धोका अत्यल्प आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने आरंभापासून सांगितले होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील प्रयोगांचे निष्कर्ष एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन असेल आणि पाण्याची आम्लता योग्य राखली असेल तर तीस सेकंदांत विषाणू निष्प्रभ होतो, असे त्यांतून दिसले. धोका होता तो कपडे बदलण्याच्या कोंदट खोल्यांत आणि काठावरच्या गर्दीत. तो कमी करण्याचे उपाय साधे होते : पाळ्या लहान करणे, संख्या बांधून देणे, खोल्यांना वारा खेळता ठेवणे, क्लोरिनची नोंद दररोज फळ्यावर लिहिणे. इंग्लंडने अशाच अटी घालून जुलै २०२० मध्ये तलाव उघडले आणि लाट आली तेव्हा ते पुन्हा बंदही केले.

परंतु हे उपाय करायचे तर माणसे नेमावी लागतात, खर्च करावा लागतो, तपासणी करावी लागते. बंदीच्या आदेशाला एका सहीपलीकडे काही लागत नाही. तलाव बंद पडला तर नगरपालिकेचे वीज-पाण्याचे बिल उलट वाचते. मग कंत्राटी जीवरक्षक, सफाई कामगार आणि शिक्षक यांच्या चुली कशा पेटल्या हे कोण विचारणार? बंदच्या काळातील वेतन द्यावे असा केंद्राचा २९ मार्च २०२० चा आदेश होता. तोही १८ मेपासून मागे घेण्यात आला. त्यानंतर बंदी शासनाची आणि भुर्दंड कामगाराचा अशी वाटणी झाली.

बंदीत तत्पर असणारे हात देखभालीच्या कामात किती आखडतात याचा दाहक अनुभव भंडाऱ्याने त्याच काळात घेतला. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. सुरक्षितता ही कुलपाने येत नाही. ती यंत्रांची देखभाल, प्रशिक्षित माणसे आणि नियमित तपासणी यांनी येते, एवढाच या दुःखद घटनेचा येथे संबंध आहे.

खेळाडू कोण, सामान्य कोण

५ नोव्हेंबर २०२० च्या आदेशातील ‘राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय खेळाडू’ ही कसोटी विशेष तपासण्यासारखी आहे. विषाणू पदक पाहून माणूस सोडत नाही. ज्या पाण्यात राष्ट्रीय खेळाडू सुरक्षित आहे त्याच पाण्यात, तेवढ्याच संख्येत, गिरणी कामगाराची मुलगी असुरक्षित कशी ठरते? सांधे धरलेल्या वृद्धाला, अपंगाला किंवा आजारातून उठलेल्या माणसाला पाण्यातील व्यायाम हा उपचार असतो. त्याची गणना या आदेशात कोठेच नव्हती. ज्याने आधीच यश मिळवले त्याला आणखी साधने, आणि ज्याला आरंभ करायचा त्याला दार बंद, हे धोरण क्रीडाक्षेत्राचे नसून एकूण समाजव्यवस्थेचेच आहे.

याची किंमत पाण्यातच मोजावी लागते. बुडून मरणाऱ्यांची शासकीय नोंद भारतात २०२० ते २०२२ या तिन्ही वर्षांत दर वर्षी ३५ हजारांच्या वर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०२१ मध्ये बुडून होणाऱ्या मृत्यूंविषयी ठराव केला आणि २५ जुलै हा दिवस त्यासाठी मुक्रर केला. शाळकरी मुलांना पोहणे आणि पाण्यातील सावधगिरी शिकवणे हा त्यावरील मान्य उपाय आहे. जर्मनीतील जीवरक्षकांच्या संघटनेने २०२२ मध्ये पाहणी करविली तेव्हा सहा ते दहा वर्षांच्या मुलांत पोहता न येणाऱ्यांचे प्रमाण २०१७ च्या १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलेले आढळले. तलाव बंद राहिल्याचा तो परिणाम तेथे मोजला तरी गेला. भारतात केंद्रीय आरोग्य खात्याने बुडण्याच्या प्रतिबंधाची रूपरेषा डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. ती गावापर्यंत पोहोचावयाची आहे.

कारध्याच्या पोराला पाणी टाळता येत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, म्हणजे तलावांना कुलूप असतानाच, वैनगंगेच्या महापुराने भंडारा शहर आणि नदीकाठची गावे वेढली. पूर ओसरला तरी नदी पूर्वीची राहिलेली नाही. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत येतो; नागपूरचे सांडपाणी नागनदी आणि कन्हानमार्गे त्याच जलाशयात उतरते; आणि बेसुमार रेती उपशाने पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. जेथे आजोबा निर्धास्त पोहले तेथे नातवाला तळ सापडेलच असा भरवसा राहिलेला नाही. तलाव बंद करताना शासनाने मुलांना पाण्यापासून दूर ठेवले हा समज म्हणून खोटा आहे. जीवरक्षक असलेले पाणी बंद झाले. जीवरक्षक नसलेले पाणी उघडेच होते.

सहअध्यक्षाची रिकामी खुर्ची

हे सर्व आदेश दोन कायद्यांच्या आधाराने निघाले. एक १८९७ चा साथरोग कायदा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी परकी सरकारने केलेला. त्याच्या अंमलाने पुण्यात किती संताप उसळला हे महाराष्ट्राला सांगावयास नको. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. या दुसऱ्या कायद्यात एक लोकशाही तरतूद आहे, तिच्याकडे कार्यकर्त्यांचेही दुर्लक्ष झाले. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असला तरी लोकनियुक्त स्थानिक संस्थेचा प्रमुख त्याचा सहअध्यक्ष असतो. भंडारा जिल्हा परिषदेची मुदत जुलै २०२० मध्ये संपली आणि प्रशासक आला; निवडणुकीचे मतदान झाले ते डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये. म्हणजे महामारीच्या ऐन भरात, जेव्हा लोकांचा आवाज त्या बैठकीत सर्वाधिक आवश्यक होता, तेव्हा सहअध्यक्षाच्या खुर्चीत बसायला लोकनियुक्त अध्यक्षच नव्हता. निवडणुका पुढे ढकलण्याची कारणे तेव्हा खरी असतील. परंतु प्रशासकाने लोकांना उत्तर द्यावे अशी पर्यायी व्यवस्था कोणी केली नाही.

सार्वजनिक पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, ते कागदावर राहिले; २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले तेव्हा त्या ठरावात प्राण आला. पुढे १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब उभे राहिले आणि पराभूत झाले. समाजवादी नेते अशोक मेहता तेथूनच निवडून आले. मूठभरांच्या जलक्रीडागृहांची परंपराही जुनी आहे. मुंबईतील ब्रीच कँडीचा तलाव स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे युरोपियनांसाठीच राखून ठेवलेला होता. साथीतील बंदीची जातिबंदीशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल; पण सार्वजनिक पाणी ही देणगी नसून हक्क आहे, हे तत्त्व दोन्हीकडे तेच आहे.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. साथीच्या काळात सार्वजनिक सोयी बंद करणाऱ्या प्रत्येक आदेशात कारण लिहिलेले असावे आणि फेरविचाराची तारीख असावी. संख्या, पाळ्या आणि क्लोरिन यांची कसोटी सर्वांना एक असावी, पदकावर बेतलेली नसावी. बंदच्या काळात कंत्राटी कामगाराचे वेतन ज्याने बंदी घातली त्याने द्यावे. लोकनियुक्त संस्थेची मुदत संपली तरी प्राधिकरणात लोकप्रतिनिधींना स्थान राहावे. आणि नदीकाठच्या प्रत्येक मोठ्या गावात उन्हाळ्यापुरता तरी सुरक्षित घाट आखून, ढिवर समाजातील पट्टीच्या पोहणाऱ्यांना मानधनावर जीवरक्षक आणि शिक्षक म्हणून नेमावे. त्यासाठी संगमरवरी तलावाची गरज नाही. दोर, तराफे, खुणेचे खांब आणि माणसे पुरेत.

या मागण्या घेऊन ग्रामसभेत जाण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहण्याचे कारण नाही. कारध्याच्या घाटावर उद्या कोणी जीवरक्षक उभा राहिला, तर मुंबईतील कोणत्याही आदेशापेक्षा त्याने अधिक जीव वाचतील.