योजना आणि बुडालेला रोज

शासनाच्या कल्याणकारी योजनांवर आपल्या महाविद्यालयात वर्षातून एकदा तरी निबंध किंवा वक्तृत्व स्पर्धा होतेच. ‘शाप की वरदान’ अशा धाटणीचा विषय असतो. एक पक्ष योजनांची यादी वाचतो. दुसरा म्हणतो की फुकट मिळू लागल्यामुळे मजूर आळशी झाले. या स्पर्धकांत शेतमजुरांच्या घरची मुले-मुलीही असतात, परंतु व्यासपीठावर गेल्यावर तीही पुस्तकातलेच बोलतात. मी परभणी जिल्ह्यातील एका भूमिहीन घरातली. माझी आई खुरपायला, कापूस वेचायला जाते. सुट्टीत मीही जाते. म्हणून हा विषय एकदा मजुराच्या मापाने मोजावा असे मला वाटले.

मजुराचे माप एकच, रोज. आमच्या गावात खुरपणीचा बायकांचा रोज सध्या तीनशे रुपये आहे, गड्यांचा पाचशे. (हा दोनशेचा फरक का, यावर कुणीतरी स्वतंत्र लेख लिहावा.) कोणतीही योजना गावात आली की आई पहिला प्रश्न विचारते, “त्याच्यासाठी किती दिवस जायचे?” शहरातल्या माणसाला हा प्रश्न आळसाचा वाटेल. वस्तुतः तो हिशेबाचा आहे.

रेशनच्या बाबतीत हा प्रश्न ती विचारत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य ठरले आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. यंत्रावर अंगठा उमटला नाही तर खेप पडते. खुरप्याने झिजलेल्या हाताचे ठसे त्या यंत्राला ओळखत नाहीत, हा अनुभव आमच्या वस्तीत घरोघर आहे. तरीही रेशन ‘आपलं’ आहे. “रेशन आपलं, बाकी समदं आलं तर आलं,” असे आई म्हणते. आमच्याकडील बहुतेक मजुरांचे मत या एका वाक्यात येते.

‘बाकी समदं’ म्हणजे काय ते पाहू. भाषणांमधून ‘शेतकरी-शेतमजूर’ हा शब्द नेहमी जोडीने येतो. अर्ज भरायच्या वेळी सातबारा मागितला जातो आणि जोडशब्दाचा दुसरा भाग गळून पडतो. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारक कुटुंबाला मिळतात. राज्याने २०२३ मध्ये त्यात आणखी ६,०००ची भर घातली, तीही त्यांनाच. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या ज्यांना बँकेने कर्ज दिले होते त्यांच्या. अतिवृष्टीत कापूस गेला तर पंचनामा पिकाचा होतो. त्या कापसाची वेचणी ज्यांच्या हातून गेली त्यांचा पंचनामा करण्याची पद्धत नाही. शेतकऱ्याला मिळते याचे आम्हाला दुःख नाही. दोन एकर कोरडवाहूवाला आमच्याबरोबर रोजानेही येतो.

आता निराधारांच्या योजनेकडे वळू. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. विधवांना तिच्यातून महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे अशी अट आहे. दिवसाला सत्तावन्न रुपये! माझी चुलती विधवा आहे. तीनशेच्या रोजाने तिने सत्तर दिवस खुरपले की मर्यादा भरली. उरलेले दोनशे पंचाण्णव दिवस तिने हात जोडून बसावे असा नियम करणाऱ्याचा हेतू नसेल, पण गणित तसेच निघते. म्हणजे ती कष्ट करते हे लपवल्याशिवाय तिला आधार मिळत नाही. याउलट जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत तेवढ्याच १,५०० रुपयांसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. एकाच राज्यात गरिबीच्या दोन व्याख्या का, हे आपल्या अर्थशास्त्राच्या तासाला जरूर विचारावे.

चुलतीच्या अर्जासाठी दाखले, तलाठ्याचा अहवाल, बँकेत आधार जोडणी, ‘साहेब आज नाहीत’ असे सारे धरून पाच दिवस गेले. पाच रोज म्हणजे १,५०० रुपये. पहिल्या महिन्याचे अनुदान हातात पडण्यापूर्वीच फिटले. बसभाडे आणि झेरॉक्स वेगळे. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला काढताना आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांचाही असा रोज बुडालेला असेल. आपण त्याची नोंद मात्र कुठे केलेली नसते.

राहिला आळशीपणाचा आरोप. तो करणारे बहुधा रोज देणारे असतात, घेणारे नसतात, एवढे आधी लक्षात घ्यावे. ज्या योजनेवर हा राग सर्वांत जास्त आहे ती तर काम मागणाऱ्यांची योजना होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. आमच्या प्राध्यापकांच्या पगारातून आजही दरमहा जो कर कापला जातो, तो हाच! पुढे २००५ साली केंद्राने वर्षाला १०० दिवसांची हमी देणारा कायदा केला. २०२५-२६ मध्ये त्यावरील महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता. स्त्री-पुरुषांना एकच दर!

मालकाला खरी अडचण या दराची आहे. रोजगार हमीचे काम जवळपास चालू असले की बाई म्हणू शकते, “तीनशेला येत नाही.” हे एक वाक्य बोलता येणे मला कोणत्याही अनुदानापेक्षा मोठे वाटते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० चे १२५ दिवस झाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु पेरणी-काढणीच्या हंगामात एकूण साठ दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे ज्या दिवसांत बाईला भाव करता येतो, नेमके तेच दिवस! कायदा करणाऱ्यांनी मालकाची गरज ऐकली, हे उघड आहे. आमची ऐकली असे मला वाटत नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात असते. आपण रस्ते झाडतो, पथनाट्य करतो, गावकरी कौतुकाने पाहतात. येत्या शिबिरात त्यातले दोन दिवस वेगळ्या कामाला द्यावेत अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. मजुरांच्या वस्तीत बसून कामाच्या मागणीचे अर्ज भरावेत, ग्रामपंचायतीतून त्यांची तारीख घातलेली पावती घ्यावी, आणि निराधारांची कागदपत्रे एकाच खेपेत पुरी करून द्यावीत. फक्त वस्तीत संध्याकाळी सातनंतर जावे. शिबिराच्या दिवसांत वेचणी चालू असते, दिवसा घरी कुणी सापडणार नाही.