सेट मोडायचा नाही म्हणे

दिवाळीच्या आदल्या रविवारी माझा आठ वर्षांचा भाचा गच्चीवर किल्ला करत होता. दगड, पोतं, माती, अळीव सगळं जमलं होतं, पण महादरवाजा उभा राहत नव्हता. पुठ्ठ्याचा केला तो ओल्या मातीने भिजून वाकला. मग त्याला माळ्यावरचं खोकं आठवलं. माझ्या मावसभावाने न्यू जर्सीहून परत येताना आणलेलं ‘लेगो डायमेन्शन्स’चं स्टार्टर पॅक. त्यात एक कमान आहे, चांगली वीतभर उंचीची. “मामा, घेऊ?” मी म्हटलं, घे.

त्यानंतर घरात जे झालं त्यावरून हा लेख लिहितोय. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, वय वर्षं अडतीस, आयटीत मोठ्या हुद्द्यावर. फराळाला आला आणि मातीत रोवलेली कमान बघून त्याचा चेहरा पडला. “अरे, सेट मोडलास तू त्याचा!” जणू मी आजोबांची पेटी भंगारात विकली होती.

दादावर माझा राग नाही. राग आहे तो त्या वाक्यावर. हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येतं: खेळण्यांच्या ग्रुपवर, अनबॉक्सिंगच्या व्हिडिओखाली, जुना माल विकणाऱ्यांच्या जाहिरातीत. ‘कम्प्लीट सेट’, ‘एकही पीस मिसिंग नाही’, ‘फक्त एकदा जोडलेला’. हे वाक्य मूर्खपणाचं आहे असं माझं म्हणणं आहे, आणि या एका खोक्याच्या बाबतीत तर ते दुप्पट मूर्खपणाचं आहे.

खोक्यात काय होतं ते आधी सांगतो. ‘लेगो डायमेन्शन्स’ हा व्हिडिओ गेम २०१५च्या सप्टेंबरात आला. ट्रॅव्हलर्स टेल्सने तो बनवला, वॉर्नर ब्रदर्सने बाजारात आणला. अमेरिकेत स्टार्टर पॅकची किंमत होती शंभर डॉलरला एक सेंट कमी. त्यात गेमची डिस्क, यूएसबीने जोडायचा एक ‘टॉय पॅड’ आणि २६९ तुकडे. त्या तुकड्यांतून तीन पुतळे होतात, बॅटमॅन, गँडाल्फ आणि वाइल्डस्टाइल. एक बॅटमोबिल होते. आणि पॅडच्या मागे उभी करायची ती मोठी कमान. पुतळा गोल चकतीवर उभा करायचा, चकती पॅडवर ठेवायची, की तो पुतळा पडद्यावर प्रकट होतो. पॅडवर तीन भाग, प्रत्येकात दिवे, आणि एका वेळी सात चकत्या मावतात. गेममधली काही कोडी अशी की पुतळे या भागातून त्या भागात हलवावे लागतात. खेळायला मजा येते, हे मी स्वतः खेळून सांगतोय.

आता खरी गंमत. पॅडला बॅटमॅन दिसत नाही. त्याला कमानही दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त चकतीच्या आत दडलेली एनएफसी चिप. फोनने पैसे देताना जे तंत्र वापरतात त्याच जातीचं. चकतीवर बॅटमॅन उभा करा, शेंगदाणा ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका, गेमच्या लेखी तो बॅटमॅनच. बॅटमोबिलचंही तसंच. गेममध्ये पैसे साठवून तिची दुसरी आणि तिसरी रूपं मिळवता येतात. मग पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांनी कृती येते, तुम्ही गाडी मोडून त्याच तुकड्यांतून नवी जोडता आणि चिपवर नवी नोंद लिहिली जाते. पण तुम्ही खरंच जोडलं की नुसतं बटण दाबत पुढे गेलात, हे तपासायची कुठलीच सोय गेममध्ये नाही. आणि ती कमान? तिच्यात एक तारही नाही. ती नुसती शोभेची आहे.

म्हणजे शंभर डॉलरच्या या खेळात गेमला लागतात त्या गोष्टी अशा: एक डिस्क, एक पॅड, चार चकत्या. बाकी सगळं प्लास्टिक गेमच्या दृष्टीने मोकळं आहे. ते आज काढून किल्ल्याला लावलं तरी गेम तसाच चालतो. दादाला हे दाखवायला मी नुसत्या चकत्या पॅडवर ठेवल्या. चालला. तरी तो म्हणाला, “पण सेट?”

सेट, सेट म्हणजे काय असतं नक्की? लेगोच्या बाबतीत सेट ही वस्तू नसते, ती यादी असते. तुकडा उलटा करून आत बघा, बहुतेकांवर बारीक आकडा कोरलेला असतो. कुठल्या सेटमध्ये कुठला तुकडा, कोणत्या रंगाचा, किती नग, याच्या याद्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं बसून तयार केल्यात आणि त्या कुणालाही बघता येतात. सुटे तुकडे विकतही मिळतात. तेव्हा मोडलेला सेट यादी हातात घेऊन पुन्हा उभा करता येतो, उद्या नाहीतर वीस वर्षांनी. चिनीमातीची बशी फुटली की फुटली. लेगोची कमान सुटी केली तर काहीच फुटत नाही. ‘मोडला’ हे क्रियापदच इथे चुकीचं आहे.

शिवाय या ठोकळ्यांचा सगळा मोठेपणा कशात आहे? २८ जानेवारी १९५८ला डेन्मार्कच्या बिलुंडमधून त्यांच्या पेटंटचा अर्ज झाला. वरती खुंट्या आणि आतून पोकळ नळ्या, ही ती युक्ती. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्याला बसतो. फोनचं चार्जर दोन-चार वर्षांत बदलणाऱ्या जगात हे केवढं मोठं वचन आहे! दोन बाय चारच्या, एकाच रंगाच्या फक्त सहा ठोकळ्यांची किती प्रकारे जोडणी होते, याचं गणित सोरेन आयलर्स या डॅनिश गणितज्ञाने केलंय. उत्तर आहे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहा ठोकळे! आणि आपण २६९ तुकडे घेऊन सांगतो की यांची योग्य जोडणी एकच, खोक्यावर छापलेली.

हे वचन कंपनी स्वतः किती पाळते, हा वेगळा विषय. ‘खेळण्यात जीव ओतणारे गेम’ म्हणून ही जी लाट आली होती, तिचा हिशेब साधा होता. २०११ला स्कायलँडर्सने दाखवून दिलं की पुतळा विकला की गेमचा एक तुकडा पुन्हा पुन्हा विकता येतो. मग डिस्नी इन्फिनिटी आलं आणि २०१६च्या मे महिन्यात बंद झालं. लेगो डायमेन्शन्सची नवी पॅक २०१७च्या ऑक्टोबरात थांबली. डॉक्टर हू, सिम्पसन्स, घोस्टबस्टर्स, प्रत्येकाच्या जगाची किल्ली म्हणजे वेगळी विकत घ्यायची चकती. जो ठोकळा कशालाही बसतो, त्याच्याखाली कुणालाच न बसणारी चकती लावायची आणि खरी किंमत त्या चकतीची घ्यायची. धंदा म्हणून हुशार. खेळणं म्हणून मला तो ठोकळ्याचा अपमान वाटतो. ठोकळ्याचा उपयोग तेवढ्यापुरता पुठ्ठ्याच्या वेष्टनासारखा झाला.

आता गेम बंद पडून इतकी वर्षं झाली. चकत्यांची किंमत गेम चालेल तितके दिवस. कधीतरी पॅडची वायर जाईल, कन्सोल जाईल. ठोकळे मात्र आपले नातू खेळतील एवढे टिकाऊ आहेत. एबीएस प्लास्टिकच ते, ते सहजी जाणार नाही, आणि हे जितकं कौतुकाचं तितकंच काळजीचं आहे. या प्लास्टिकला पर्याय शोधायला लेगोने बरेच पैसे आणि वर्षं घातली. जुन्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासून ठोकळे करायचा बेत २०२३ला सोडून दिला, कारण त्यात कार्बनचा हिशेब सुधारत नव्हता. म्हणजे कंपनीलाही सोपा मार्ग सापडलेला नाही. अशा वेळी एकदा तयार झालेलं हे प्लास्टिक माळ्यावर ‘कम्प्लीट’ ठेवायचं आणि पोरासाठी नवा किल्ल्याचा सेट मागवायचा, याला मी जतन म्हणणार नाही.

आपल्याकडे या रोगाची मुळं लेगोच्या आधीची आहेत. शोकेस. पाहुण्यांसाठीचा कपबशांचा सेट, ज्यातून पाहुण्यांनाही कधी चहा मिळाला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबरबँड लावलेला रिमोट. परदेशातून आलेली बाहुली, जी फक्त काचेपलीकडून बघायची. ज्या पिढीला एखादी वस्तू पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती तिचं ते वागणं मला समजतं, त्याची चेष्टा मी करणार नाही. पण दादाला ती अडचण नाही. त्याने तेच वागणं उचललं आणि त्याला ‘कलेक्टर’ असं नाव दिलं.

आणि त्याच घरांमधून दर दिवाळीत किल्ला होतो, हे विसरता येत नाही. किल्ला म्हणजे पुनर्वापराचा उत्सवच की. मागच्या वर्षीचे मावळे ट्रंकेतून निघतात, एकाचा भाला तुटलेला असतो तो पहाऱ्यावर न ठेवता गुहेत बसतो. महाराज दरवाज्यापेक्षा उंच असतात. वाघाशेजारी प्लास्टिकची जिराफ असते, आणि त्यावर कुणी आक्षेप घेत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला मातीत मिळतो आणि पुढच्या वर्षी नवा, वेगळा होतो. ‘किल्ल्याचा सेट मोडला’ असं म्हणताना कुणाला ऐकलंय?

पुण्यात राहून अरविंद गुप्तांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय संपवणं बरं नाही. आयआयटी कानपूरमधून शिकलेला, टेल्कोत नोकरी करणारा हा माणूस १९७८ला होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. तिथे त्याने सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या घेऊन मेकॅनो तयार केला. काडी म्हणजे कड, नळीचा तुकडा म्हणजे सांधा. त्यातून त्रिकोण, घन, पूल, रेणूंच्या रचना. लेगोच्या खुंटीने जे केलं तेच, फक्त सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या मालातून. पुढे आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कचऱ्यातून खेळणी करायचं काम चाललं, ते हजारो मुलांनी पाहिलं. त्यातल्या एकाही खेळण्याला ‘कम्प्लीट’ हे विशेषण लावून बघा, हसू येईल.

विरुद्ध बाजूचं एक म्हणणं मला मान्य आहे. बंद पडलेल्या गेमची न उघडलेली खोकी कुठेतरी जपली गेली पाहिजेत. गेमचा इतिहास लिहिणाऱ्यांना ती लागतील. पण दादाचं खोकं उघडलेलं आहे, एक कोपरा चेपलाय, कृतीच्या कागदावर चहाचा डाग आहे. ते संग्रहालयात जाणार नाही. विकायचं म्हणाल तर ते गेली आठ वर्षं ‘विकायचं’ आहे.

आणि ज्यांना मूळ हेतूचा फार पुळका आहे, त्यांनी मूळ हेतू नीट बघावा. ट्रॅव्हलर्स टेल्सचे लेगोवरचे गेम २००५च्या स्टार वॉर्सपासून कसे खेळतात? समोर दिसेल ते फोडायचं, तुकडे उडतात, ते गोळा करून दुसरंच काहीतरी बांधायचं. पडद्यावर दर मिनिटाला फोडाफोड चालू आणि पडद्याबाहेर पोराने कमानीला हात लावायचा नाही! त्याहून मोठा विनोद खोक्यातच आहे. तिसरा पुतळा वाइल्डस्टाइलचा. ती २०१४च्या ‘द लेगो मूव्ही’मधली. हाताशी येईल त्या तुकड्यांतून, कृतीच्या कागदाशिवाय बांधणारी. त्या सिनेमातला खलनायक कोण, तर सगळं जग जसंच्या तसं राहावं म्हणून ते गोंदाने चिकटवायला निघालेला. आणि पडद्यामागचा खलनायक कोण, तर तळघरातल्या लेगोला पोराने हात लावू नये म्हणून पाट्या लावणारा बाप. दादाने हा सिनेमा दोनदा पाहिलाय. वाइल्डस्टाइलसकट खोकं माळ्यावर ठेवलं.

तेव्हा तुमच्याकडे असं खोकं असेल तर सरळ सांगतो. डिस्क, पॅड आणि चार चकत्या एका डब्यात ठेवा, आमच्याकडे त्या लाडवाच्या डब्यात आहेत. पॅड टाकू नका. प्लेस्टेशन किंवा वी यूचा असेल तर तो संगणकाला जोडून, पायथनच्या थोड्या ओळी लिहून त्याचे दिवे हवे तसे लावता येतात. हौशी लोकांनी त्याची भाषा उलगडून ठेवली आहे. कृतीच्या कागदाचे फोटो काढून ठेवा. बाकी सगळं घरातल्या ठोकळ्यांच्या पेटीत ओता. माती लागली तर चाळीस अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात साबण घालून धुवा, खुंट्यांमधली जुन्या टूथब्रशने निघते.

आमचा महादरवाजा भाऊबीजेपर्यंत टिकला. खालच्या बाजूला बॅटमोबिलच्या चाकांचा तोफेचा गाडा होता. गँडाल्फ बुरुजावर होता, कारण त्याच्याकडे काठी आहे आणि भालदार कमी पडले होते. निघताना दादा गच्चीवर गेला. मला वाटलं, तुकडे मोजायला गेला असेल. पाचेक मिनिटांनी भाच्याला हाक मारून म्हणाला, “कमान उलटी लावली आहेस. वजन या बाजूला पडतं. काढ, दाखवतो.”